वीसपैकी सतरा

चावीवाल्याचा उजवा हात दिसायला अगदी झकास होता. मनगटावरचा आडवा पांढुरका व्रण सोडला, तर या हाताला काही झालंय असं कोणी म्हटलं नसतं. मूठ वळायची, पिशवी उचलली जायची, रागावल्यावर बोटही नाचवता यायचं. फक्त अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं पार बधिर होती. कापड की कागद, गरम की गार, त्यांना सगळं सारखंच. आणि नेमक्या याच तीन बोटांवर त्याने एकतीस वर्षं संसार केला होता.

कुलूप उघडणं म्हणजे चावी करणं नव्हे. चाव्या काय, यंत्रावर कोणीही कापतं. किल्ली हरवलेलं बंद कुलूप न मोडता उघडायचं, तर एका हाताने वाकडी पट्टी हलकेच दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने तारेच्या टोकाने आतल्या खिट्ट्या एकेक करून वर ढकलायच्या. खिट्टी जागेवर बसली की बोटाला कळतं आणि कानाला बारीक 'टक' ऐकू येतं. चावीवाला डोळे मिटून काम करायचा. लोकांना वाटायचं, शान मारतोय. थोडी मारतही होता. पण डोळे उघडे असले की लक्ष फाटतं, हेही खरं होतं.

एकोणीस महिन्यांपूर्वी एका कचेरीचं दार उघडताना त्याचं काचेचं तावदान निखळून मनगटावर आलं आणि आतली, बोटांना जाणीव देणारी नस तुटली. दार मात्र त्याआधी उघडलं होतं, हे तो आजही आवर्जून सांगतो. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी नस शिवली. पुढे नऊ महिने झाले तरी बोटं ढिम्म. खिट्टी वाजलेली कानाला कळायची, पण तार किती दाबली जातेय ते बोटांना कळायचं नाही. दोन गिऱ्हाइकांची कुलपं आतून वाकवली, तेव्हा त्याने तारा डब्यात भरून डबा माळ्यावर टाकला. दुकानात चाव्या कापायला बायको बसू लागली, आणि तो शेजारी बसून तिच्या चुका काढू लागला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावून घेतलं ते तेव्हाच. कागदाच्या मागे चित्र काढल्याशिवाय त्यांना काही समजावता येत नसे. त्यांनी नसेचं चित्र काढलं आणि म्हणाल्या, "शिवण चांगली धरलीय. पण आतले तंतू रोज जेमतेम मिलिमीटरभर वाढतात. वाटेत दमले की बसकण मारतात. आम्ही एक नवीन उपाय तपासून बघतोय. तुमच्याच पोटावरची थोडी चरबी काढायची, तिच्यातल्या मूळ पेशी वेगळ्या करायच्या, प्रयोगशाळेत तीन आठवडे वाढवायच्या आणि नसेच्या आजूबाजूला टोचायच्या."

"स्टेम सेल म्हणतात ते?" चावीवाल्याने विचारलं. त्याने कुठेतरी वाचलं होतं.

"तेच. मोठ्या माणसाच्या अंगातही त्या असतात. आता त्या स्वतः नस होतील असं समजू नका. आजाऱ्याच्या उशाशी आई बसते ना, तशा बसतात. सूज आवरतात, तंतूंना तगवतात, ऊठ म्हणतात. निदान आमचा तसा अंदाज आहे. खरंच तसं होतं का, तेच तपासायचंय."

चावीवाल्याची बायको तोवर गप्प होती. चरबी म्हटल्यावर तिला राहवलं नाही. "घ्या की. हवी तेवढी घ्या. उरली तर परत देऊ नका."

नियम मात्र कडक होते. चरबी सगळ्यांची काढायची, पण टोचताना निम्म्या लोकांना पेशी आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं ते रोग्याला ठाऊक नाही, डॉक्टरीणबाईंना नाही, चाचणी घेणाऱ्यांनाही नाही. ते एका बंद पाकिटात. नऊ महिन्यांनी फरक दिसला नाही, तर त्या माणसाचं पाकीट उघडायचं, आणि पाणी मिळालं असेल तर गोठवून ठेवलेल्या त्याच्याच पेशी त्याला द्यायच्या. फरक दिसला तर पाकीट बंदच ठेवायचं. चावीवाल्याला हे पटलं. बंद वस्तूंशी त्याचा जन्माचा संबंध होता.

चाचणी घ्यायला एक तरुण बाई होती. चावीवाला तिला ताई म्हणायचा आणि ती त्याला काका. मध्ये पडदा, पडद्याखालून हात पलीकडे टॉवेलवर ठेवायचा, डोळे मिटायचे. ताई "आता?" म्हणायची. वीस वेळा विचारायची, त्यातल्या दहा वेळा नायलॉनचा बारीक धागा बोटाला टेकवायचा आणि दहा वेळा टेकवायचाच नाही. कधी टेकवायचा ते तिच्यापुढच्या कागदावर छापलेलं असायचं. काकांनी 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. काहीच कळत नसलेला माणूसही अंदाजाने दहाएक बरोबर सांगतो, नाणं उडवल्यासारखं.

टोचण्याआधी चावीवाल्याला नऊ मिळाले होते. तीन महिन्यांनी अकरा, सहा महिन्यांनी चौदा. नवव्या महिन्याला वीसपैकी सतरा. ताईने आकडा दोनदा मोजला आणि तिच्या चेहऱ्यावर हसू मावेना. "काका, सगळ्यांत चांगला आकडा तुमचा. पुढच्या गुरुवारी डॉक्टर सही करतील."

तो घरी आला तो तरंगतच. शाळेत असताना त्याला कशातही वीसपैकी सतरा मिळाले नव्हते. दुकानाच्या गल्लीत त्याने तो आकडा घड्याळवाल्याला सांगितला, शिंप्याला सांगितला, आणि ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगितला. शर्टाची बटणं अजून बायकोच लावून द्यायची. पण आकडा कशाला खोटं बोलेल? हळूहळू बोटांपर्यंतही पोचेल, असं त्याने मनाशी धरलं. रात्री पांघरुणात तो बोट बोटावर घासून बघायचा आणि काहीतरी कळल्यासारखं त्याला वाटायचंही.

रविवारी सकाळी त्याने स्वतः चहा केला. पातेलं कडेला धरून कपात ओतत असताना बायको आत आली.

"अहो, हात!"

त्याने खाली पाहिलं. तापलेली कड अंगठ्यात आणि बोटात घट्ट धरलेली होती. पातेलं ठेवलं तर बोटाच्या पेरावर पांढरा फोड आलेला. बायकोने हात नळाखाली धरला, मलम लावलं, आणि मग तिचं तोंड सुटलं. "वीसपैकी सतरा म्हणे. हे बोट उरलेल्या तिनातलं दिसतंय."

तो हसला नाही. तीही थांबली. मग तिने दुकानातल्या ब्रशचा एक केस उपटून आणला, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर उलटसुलट दहा टिंबं आणि दहा फुल्या मांडल्या, आणि त्याला जेवणाच्या टेबलापाशी बसवलं. "टिंबाला टेकवीन, फुलीला नाही. डोळे मिटा. आणि बोटांच्या फटीतून बघू नका."

"आता?" "हो." "आता?" "नाही." असं चाललं. पहिल्या आठांतले सात बरोबर आले. बायकोच चकित झाली. तेवढ्यात नळाला पाणी आलं म्हणून तिने बादली लावली आणि पुन्हा येऊन बसली. पाणी धो धो पडत होतं. "आता?" "हो." टेकवलं नव्हतं. "आता?" "नाही." टेकवलं होतं. पुढच्या सहांतले दोनच बरोबर आले, तेही चुकून.

चावीवाला डोळे मिटूनच म्हणाला, "नळ बंद कर."

तिने केला. पुढची तीन बरोबर आली.

"सोड परत."

पुन्हा सगळा गोंधळ. त्याने डोळे उघडले. तोंडात मारल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा. "तुझा गुडघा वाजतो," तो म्हणाला.

"काय?"

"पुढे वाकलीस की बारीक टक वाजतं. टेकवायचं नसतं तेव्हा तू वाकत नाहीस. मला बोट कळत नाहीये. मी तुझा गुडघा ऐकतोय."

बायकोने हातातला केस टेबलावर टाकला. "तीस वर्षं मी बोलते ते ऐकू येत नाही तुम्हाला. आणि गुडघा ऐकू येतो."

मग त्याला ताईचं स्टूल आठवलं. चाकांचं, गोल, बुटकं. ती पुढे सरकली की त्याचं एक चाक अगदी किंचित कुरकुरायचं. हे त्याने कधी ठरवून ऐकलं नव्हतं, शपथेवर सांगितलं असतं त्याने. पण नवं कुलूप हाती आलं की पहिल्यांदा चुकतं, दुसऱ्यांदा थोडं समजतं, तिसऱ्यांदा आपसूक उघडतं. नऊ, अकरा, चौदा, सतरा. बोटं सुधारत नव्हती. तो ताईला उघडायला शिकत होता.

यात लबाडी नव्हती, म्हणून तर जास्त लागलं. लबाडी असती तर सोडून देता आली असती.

गुरुवार चार दिवसांवर होता. सही झाली की पाकीट कायमचं बंद. सोमवारी त्याने ठरवलं, सांगायचं. मंगळवारी ठरवलं, कशाला सांगायचं. बायकोला वाटलं लाजतोय. तसं नव्हतं. सांगितलं की सतरा पुसले जाणार, पाकीट उघडणार. आत पाणी निघालं तर ठीक, पेशी मिळतील, नवी सुरुवात. पण आत पेशी निघाल्या तर? मग जे करायचं ते करून झालं होतं आणि हात हा असाच राहणार होता. पाकीट बंद असेपर्यंत निदान आकडा तरी आपला होता. आयुष्यभर लोकांची बंद दारं उघडली, आणि आता एक कागदी पाकीट उघडायला त्याला भीती वाटत होती.

मंगळवारी दुपारी एक माणूस लोखंडी पेटी घेऊन आला. किल्ली हरवलेली. चावीवाल्याने सवयीने पेटी पुढे ओढली, कुलपावरून बोट फिरवलं आणि तसाच बसून राहिला. शेवटी त्याला दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला. माणूस गेल्यावर बायको चाव्या कापायचं यंत्र बंद करून त्याच्याकडे वळली.

"एक सांगू? पाणी मिळालं असेल आणि तुम्ही मूग गिळून बसलात, तर तुमच्या त्या पेशी तिथे बर्फात कुडकुडत बसतील जन्मभर."

"आणि पेशीच मिळाल्या असतील तर?"

"तर कळेल. आणि त्या पोरीचं काय? त्याच स्टुलावर बसून ती किती जणांना सतरा वाटत असेल. त्यावरून उद्या सगळ्या जगाला सांगतील, उपाय लागू पडतो म्हणून. त्यात तुमचा एक खोटा आकडा."

बुधवारी सकाळी तो इस्पितळात गेला. ताईला सगळं सांगितलं. तिने आधी हसण्यावारी नेलं. "काका, असं कसं होईल? किती हलकं टेकवते मी."

"परत चाचणी घ्या," तो म्हणाला. "पण धागा नुसता टॉवेलला टेकवा. माझा हात माझ्या खिशात राहील."

ताईने पडदा ओढला, कागद घेतला, स्टुलावर बसली. खोलीत दोघंच. वीस वेळा "आता?" झालं. कागद तपासताना तिची पेन्सिल मध्येच थांबली, मग पुन्हा चालली. अठरा बरोबर होते.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "हात खिशात होता तुमचा."

"होता."

तिचे डोळे भरून आले. चावीवाल्याला तिची फार दया आली, स्वतःपेक्षाही जास्त. "तुमचं काही चुकलं नाही ताई," तो म्हणाला. "स्टुलाचं चाक कुरकुरतं. आणि माझं अर्धं आयुष्य असलीच कुरकुर ऐकण्यात गेलंय." तिने डोळे पुसले, साधी लाकडी खुर्ची आणली, त्याच्या कानांत कापूस घातला, प्रश्नाऐवजी डाव्या खांद्यावर टिचकी मारायचं ठरवलं, आणि खरी चाचणी घेतली. नऊ आले. पहिल्या दिवशी होते तेवढेच.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी सतरावर रेघ मारली, खाली नऊ लिहिले आणि प्रयोगाची पाकिटं ज्यांच्या ताब्यात होती त्यांना फोन केला. तासाभराने पाकीट आलं. चावीवाल्याने दुकानातून बायकोला बोलावून घेतलं होतं. दोघं शेजारी शेजारी बसली. डॉक्टरीणबाईंनी पाकीट फोडलं, वाचलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

आत 'पेशी' असं लिहिलेलं होतं.

"नस अजून थोडी वाढू शकते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. आमच्याकडे तुमच्यासाठी आता दुसरं काही नाही."

"नाही म्हणालात ते बरं केलंत," चावीवाला म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. बाहेर फुटपाथवर बायकोने त्याचा बधिर हात धरला. आपण हात धरलाय हे त्याला दिसल्याशिवाय कळणार नाही, हे लक्षात येऊन तिने कोपराजवळ घट्ट पकडलं. एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलणारी ती बाई घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर मात्र तो रडला, आणि तिने त्याला मनसोक्त रडू दिलं.

आठ दिवसांनी ताई स्वतः दुकानात आली. त्या खोलीत आणखी चौदा जणांच्या चाचण्या झाल्या होत्या, त्या सगळ्या बाद करून नव्याने घ्यायच्या होत्या. स्टूल काढून टाकलं होतं, खुर्ची जमिनीला पक्की बसवली होती, आणि आता टेकवायचं असो वा नसो, ती प्रत्येक वेळी सारखीच पुढे वाकणार होती. "पण मला माझं कसं कळणार काका, मी कुठे आवाज करते ते? तुम्ही पडद्याआड बसाल? नुसतं ऐकायचं. डॉक्टरांनी परवानगी काढलीय."

"जा," बायको म्हणाली. "इथे बसून माझ्या चुका काढता, तिथे जाऊन तिच्या काढा."

पहिल्या दिवशी नुसतं ऐकून त्याला पंधरा बरोबर आले. टेकवताना ताई श्वास रोखते, असं त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी तेरा. वाकल्यावर तिच्या बाहीची कड टेबलाला घासायची. तिने बाह्या दुमडल्या, श्वास सैल सोडायचा सराव केला, पुन्हा पुन्हा. पाचव्या दिवशी खरी रोगी आली, केस कापायचं काम करणारी एक बाई. कात्रीने तिचा स्वतःचाच तळहात खोल कापला गेला होता. ती पडद्याच्या एका कोपऱ्यात डोळे मिटून बसली, दुसऱ्या कोपऱ्यात चावीवाला. तो डाव्या हाताने कागदावर खुणा करणार होता.

"आता?"

त्याने सगळा जीव कानात गोळा केला. काही नाही. ना खुर्ची, ना बाही, ना श्वास. पंख्याची घरघर तेवढी. त्याने अंदाजाने फुली मारली.

"हो," बाई म्हणाली.

"आता?" "नाही." "आता?" "हो." तिचा आवाज शांत होता, घाई नव्हती की शोधाशोध नव्हती. चावीवाला ऐकत होता, आणि त्याच्या कानांना पहिल्यांदाच एक कुलूप असं मिळालं होतं की त्याला कुठे फटच नव्हती.

वीस झाल्यावर ताईने दोन्ही कागद आपल्या छापील कागदाशेजारी ठेवले आणि न बोलता त्याला दाखवले. त्याचे दहा बरोबर होते. बाईचे एकोणीस. तिला पेशी मिळाल्या होत्या की पाणी, ते या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. पण तिच्या बोटांना धागा कळत होता, हे आता कोणी खोडू शकणार नव्हतं.

पलीकडून बाईने विचारलं, "आलं का हो मला काही? माझं बरोबर होतं का?"

ताईने ओठांवर बोट ठेवलं. आकडा रोग्याला सांगायचा नाही असा आता नवा नियम होता. चावीवाल्याच्या छातीत हेवा आणि आनंद दोन्ही एकदमच उसळले, आणि आनंद जास्त होता हे बघून त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"ते डॉक्टर सांगतील बाई," पडद्याआडून तो म्हणाला. "मला मात्र काहीसुद्धा ऐकू आलं नाही."